रंगांवरचा पहारा

नामपल्लीची दुपार वासांवरून ओळखू येते. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की आटत राहिलेल्या दुधाचा आणि इराणी चहाचा वास येतो, मग बेकरीच्या दारातून उस्मानिया बिस्किटांचा खरपूस लोणकट दरवळ, आणि युसुफैन बाबांच्या दर्ग्याकडे वळणाऱ्या वाटेवर गुलाबाच्या पाकळ्यांचा नि उदाचा. ऑटोंचा धूर या सगळ्यांच्या अंगावरून जातो, तरी त्यांतला एकही वास पुसला जात नाही, आणि अशा गजबजाटातून घाम पुसत चालता चालता एक फाटक लागतं, आत जुनी झाडं उभी असतात, फांद्यांच्या फटींतून विधानसभेचे पांढरे घुमट दिसतात, हॉर्नचे आवाज एकेक करून मागे राहतात, आणि पावलांचा वेग कुणी न सांगताच कमी होतो.

ही बागे-आम.

आता तिला सगळे पब्लिक गार्डन म्हणतात. ज्युबिली हॉल इथेच, शाही मशीद इथेच, आणि 1930 साली सातव्या निझामाच्या काळात उघडलेलं राज्याचं पुरातत्त्व संग्रहालयही इथेच. शाळांच्या सहली आल्या की पोरांची रांग दारातूनच ओरडत सुटते, “ममी किधर है?” इजिप्तहून आणलेली एक राजकन्या इथे काचेच्या पेटीत निजलेली आहे, आणि तिच्यापुढे दगडी बुद्धांना, चोळकालीन कांस्यमूर्तींना, काकतीयांच्या शिल्पांना कोण विचारतो! मलाही पोरांचं पटतं. हजारो वर्षं न कुजलेलं माणसाचं शरीर पाहायला मिळत असेल, तर दगडाकडे कोण बघेल?

मी मात्र अजिंठा पाहायला आलो होतो. नामपल्लीत.

मी मराठवाड्यातला. आमच्या घरात हैदराबाद हा शब्द बराच काळ राजधानीसारखाच उच्चारला जाई. आजोबांचं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यांच्या जमिनीचे कागद उर्दूत, आणि कुठल्याही मोठ्या कामाचा शेवट “हैदराबादेस जावं लागेल” असा. 1948 साली निझामाची सत्ता संपली, 1956 साली भाषावार राज्यं झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्याबरोबर वाघूर नदीची ती घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी, ती लेणी, त्या भिंती आमच्या वाट्याला आल्या. त्या भिंतींवरून उतरवलेली चित्रं मात्र हैदराबादेतच राहिली. घराची वाटणी झाल्यावर देव एका भावाकडे जातो आणि देवाचा फोटो दुसऱ्याकडे राहतो, तसं.

दालनात प्रकाश बेताचा होता. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी समोर होता. ती झुकलेली मान, तो बोटांत अलगद धरलेला कमळाचा देठ, आणि त्या पापण्या, ज्या मिटलेल्या आहेत की नुकत्याच उघडताहेत हे आयुष्यभर पाहिलं तरी ठरत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या पहारेकऱ्याने मला बराच वेळ एकाच जागी उभं पाहिलं. मग तो उठून जवळ आला आणि समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, “असली देखना है तो उधरीच जाना पड़ता साब, औरंगाबाद. इधर तो कापियाँ हैं.”

मी म्हटलं, “मालूम है. कापियाँच देखने आया.”

तो हसला. माणूस विचित्र आहे, पण निरुपद्रवी आहे, अशा अर्थाचं ते हसू होतं.

मी जवळ जाऊन पाहू लागलो, आणि हळूहळू लक्षात आलं की मघापासून आपण जे पाहतोय ते चित्र एकट्या बोधिसत्त्वाचं नाही. रंग उडून गेला आहे तिथे चित्रकाराने उडालेला रंग काढला आहे. गिलावा निखळला आहे तिथे निखळलेल्या गिलाव्याची कड काढली आहे, तिच्या आतला मातकट, खडबडीत थर काढला आहे, केसासारखी बारीक चीर काढली आहे, आणि ती चीर जिथे एका दागिन्याच्या मण्यातून जाते तिथे मणीही तसाच दुभंगलेला ठेवला आहे. पद्मपाणी काढताना हात भक्तीने चालत असेल, हे समजू शकतं. पण ओलीने आलेला डाग तितक्याच भक्तीने काढायचा, त्यासाठी रंग घोटायचा, कुंचला बारीक करायचा, श्वास रोखायचा? सुंदर गोष्टीवर प्रेम कुणीही करतं. तिच्या पडझडीसकट तिच्यावर प्रेम करायला वेगळीच शिस्त लागते.

ही शिस्त सय्यद अहमद आणि महंमद जलालुद्दीन यांची. निझामाच्या राज्यात 1914 साली पुरातत्त्व खातं निघालं, गुलाम याझदानी त्याचे पहिले प्रमुख झाले, आणि त्यांच्या हाताखाली या हैदराबादी चित्रकारांनी वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून भिंती कागदा-कापडांवर उतरवल्या. सय्यद अहमद त्याआधीही तिथे गेले होते. 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम नावाच्या बाईंनी अजिंठ्याला तळ ठोकला, तेव्हा कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांच्याबरोबर बसून त्यांनी कुंचला चालवला होता. बंगालच्या मुलांची नावं पुढे कलेच्या इतिहासात गेली. हैदराबादचे दोघे नामपल्लीच्या भिंतीवर राहिले.

आणि या रांगेच्या अगदी सुरुवातीला, या सगळ्यांच्या कितीतरी आधी, एकटाच एक शिपाई उभा आहे.

मेजर रॉबर्ट गिल. जन्म लंडनचा, सप्टेंबर 1804 चा. विशीत समुद्र ओलांडून कंपनी सरकारच्या मद्रासी फौजेत, चव्वेचाळिसाव्या पायदळ पलटणीत दाखल झालेला. कवायत, कूच, छावणी, ताप, पुन्हा कवायत. शिपाईगिरीचं आयुष्य जसं जायचं तसं त्याचंही गेलं असेल. जेम्स फर्ग्युसन नावाचा इमारतवेडा माणूस हिंदुस्थानातली लेणी पाहून विलायतेला परतला आणि 1843 साली त्याने रॉयल एशियाटिक सोसायटीत कळकळून सांगितलं, की अजिंठ्याच्या भिंती डोळ्यांदेखत संपत चालल्या आहेत, कुणीतरी त्या उतरवून घ्या. वरच्या साहेबांची पत्रं खालच्या साहेबांकडे गेली, मद्रास सरकारने आपल्या पलटणींतून हाताला चित्रं असलेला माणूस शोधला, आणि 1844 साली चाळिशीला टेकलेला गिल बंदुकीबरोबर रंगांच्या पेट्या घेऊन अजिंठ्याचा घाट उतरला.

तो पुढे जवळपास एकोणीस वर्षं तेच काम करत राहिला.

तो ज्या मुलखात आला होता, त्या मुलखाला शिपाई नवे नव्हते. त्याच्या जन्माला जेमतेम एक वर्ष राहिलं असताना, 23 सप्टेंबर 1803 ला, तिथून फार दूर नसलेल्या आसईच्या रानात वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज एकमेकांना भिडल्या होत्या. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात काही तासांत माणसांचा खच पडला होता, आणि इंग्रजांच्या जखमींना नंतर अजिंठ्यालाच आणून ठेवलं होतं. घाटमाथ्यावरच्या त्या तटबंदीच्या गावात कण्हत पडलेल्या कुणालाही माहीत नव्हतं, की खाली दरीत, वटवाघळांच्या काळोखात, हजाराहून जास्त वर्षं एक राजपुत्र हातात कमळ घेऊन खाली पाहतो आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरची करुणा आपल्यासारख्यांसाठीच आहे.

ती दरी बाहेरच्या जगाला दाखवली तीही शिपायानेच. 28 एप्रिल 1819 ला मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीच्या मागे तिथवर आला, दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या एका चित्रावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अजून वाचता येते. एकाच सैन्यातली ही दोन माणसं मला नेहमी शेजारी शेजारी दिसतात. एक जण आला, चाकू काढला, दुसऱ्याच्या निर्मितीवर स्वतःचं नाव खरवडलं आणि निघून गेला. त्याचं नाव दोनशे वर्षं टिकलं. दुसरा आला, थांबला, त्याने त्या निर्मितीपुढे आयुष्यातली उमेदीची वर्षं मांडली. ती वर्षं जळून गेली. टिकण्याचा आणि लायकीचा संबंध असतोच असं नाही.

गिल अजिंठा गावातल्या जुन्या बारादरीत राही. गाव घाटावर, लेणी घाटाखाली. पहाटे घोड्यावरून निघायचं, दगडधोंड्यांतून दरीत उतरायचं, नदी ओलांडायची, आणि एकेका विहारात शिरून उन्हाची वाट पाहायची. कारण अजिंठ्यात चित्र काढायचं तर आधी ऊन हवं, आणि ऊन तिथे पाहुण्यासारखं येतं, थोडा वेळ उंबऱ्यात बसतं आणि निघून जातं. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा विजेचे दिवे सगळीकडे नव्हते. एक म्हातारा चौकीदार बाहेरच्या उन्हात पत्रा तिरका धरून उभा राहायचा, उन्हाचा तुकडा उचलून आत फेकायचा, आणि तो थरथरता पिवळा तुकडा भिंतीवरून फिरत जाई तसतसे काळोखातून एकेक डोळे, एकेक खांदा, एखादं वळलेलं बोट, एखादा हत्ती उजळून निघे आणि तुकडा पुढे सरकला की पुन्हा बुडून जाई. गुरुजी काहीतरी सांगत होते. आम्ही ऐकत नव्हतो. मला फक्त त्या म्हाताऱ्याच्या हातांचं कंपन आठवतं, कारण ते भिंतीवर दिसत होतं. त्याचा हात हलला की आतल्या राणीच्या गालावरचं ऊन हलायचं.

अशा उसन्या उजेडात गिल तैलरंगांत भिंतीएवढे कॅनव्हास रंगवत होता. वटवाघळांची विष्ठा, आग्या मोहोळाच्या माश्या, पावसाळ्यातला हिवताप, वाघांची वस्ती. वाघ मारण्याचाही त्याचा लौकिक होता, म्हणजे शिपाई त्याच्यातून पुरता गेला नव्हता. पण मला वाटतं, त्याने पलटणीतून आणलेली खरी गोष्ट नेम नव्हती. ती होती पहारा. शिपायाला पहिल्यांदा शिकवतात ते उभं राहायला. दुसरा येऊन जागा घेईपर्यंत आपली जागा न सोडायला. रात्र कितीही लांब असली आणि काहीही घडत नसलं तरी डोळे उघडे ठेवायला. लढाई क्वचित येते. पहारा रोज असतो. आणि नक्कल करणं म्हणजे दुसरं काय असतं? समोरच्या रेषेवरून नजर हलू द्यायची नाही, स्वतःला सुचलेलं मध्ये येऊ द्यायचं नाही, आपल्याला जमतं ते न काढता तिथे आहे ते काढायचं, आणि तिथे नाही ते नाहीच ठेवायचं. कोण जाणे, पण उन्हाचा तुकडा सरकल्यावर, कुंचला खाली ठेवून, पुन्हा उजेड येईपर्यंत त्या काळोखात हा माणूस बसून राहत असेल, तेव्हा भिंतीतली सगळी माणसं, राजे, दासी, किन्नर, भिक्षू, त्याच्याकडे पाहत असतील आणि तो त्यांच्याकडे. एकमेकांना न दिसता, एकमेकांच्या सोबतीला.

त्याला बदली माणूस आलाच नाही.

मराठी वाचकाला गिल माहीत आहे तो अजिंठा गावातल्या पारो या मुलीमुळे. ना. धों. महानोरांनी त्यांच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, 2012 साली नितीन चंद्रकांत देसाईंचा चित्रपट आला, आणि तेव्हापासून अजिंठ्याला जाणारी तरुण जोडपी वाटेत गावातल्या तिच्या थडग्याशीही थांबू लागली. पारो 23 मे 1856 ला गेली, एवढं दगडावर कोरलेलं आहे. ती होती, तो तिच्यावर जीव टाकत होता, हेही त्या दगडावरून कळतं. परक्या मुलखातल्या साहेबाने गावातल्या मुलीच्या नावाचा दगड उभा करावा, असा तो काळ नव्हता. पण त्या प्रेमकथेच्या झगमगाटात चित्रकार जरा झाकोळला, असं माझं मत आहे. त्याला लग्नाची बायको होती, मुलंबाळं होती, आजारपणं होती. आयुष्याचे असे कितीतरी कोपरे होते जे गाण्यात बसत नाहीत. आणि पारो गेली त्या उन्हाळ्यानंतरही तो घाट उतरतच राहिला, ही गोष्ट तर गाण्यापेक्षाही मोठी आहे.

त्याच सुमारास त्याच्या हातात कॅमेरा आला.

आजच्या मोबाइलवाल्यांना त्या काळच्या फोटोची कल्पना यायची नाही. काचेवर कोलोडियनचा चिकट थर पसरायचा, अंधाऱ्या तंबूत ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, उजेड दाखवायचा, आणि सुकायच्या आत धावत तंबूत येऊन धुऊन काढायची. हे सगळं मिनिटांचं गणित, आणि तेही वऱ्हाड-खानदेशच्या उन्हात, जिथे उघड्यावर ठेवलेलं पाणीही बघता बघता आटतं. अशा काचा, बाटल्या, तंबू नि तिवई बैलगाडीवर लादून गिल हिंडला. वेरूळला गेला. अन्व्याच्या देवळापुढे, लोणारच्या दैत्यसूदनापुढे, मेहकरच्या जुन्या धर्मशाळेपुढे त्याने कॅमेरा मांडला. त्यांतली बरीच गावं आजही आपल्या प्रवासाच्या यादीत नसतात. अजिंठ्याला जाणारा माणूस अन्व्याच्या जवळून जातो आणि थांबत नाही. गिल थांबला. एकाच दृश्याचे शेजारी शेजारी दोन फोटो घ्यायचे, आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून ते पाहिले की खांब पुढे येतात, गाभारा मागे सरतो, असा तो स्टिरिओस्कोपचा जमाना होता. 1864 साली फर्ग्युसनच्या मजकुरासह गिलच्या फोटोंचं पुस्तक लंडनला निघालं आणि विलायतेतली माणसं आपापल्या दिवाणखान्यांत बसून डोळ्यांनी अजिंठ्याच्या विहारात शिरली.

ज्याने रंगासाठी एवढं आयुष्य दिलं, त्याचं जे टिकलं ते काळंपांढरं.

कारण त्याचे कॅनव्हास लंडनला पोहोचले होते, सिडनहॅमच्या स्फटिकमहालात मांडले गेले होते, लोक तिकीट काढून पाहत होते. आणि 1866 च्या डिसेंबरात, वर्ष संपायला एकच दिवस उरला असताना, महालाच्या त्या बाजूला आग लागली. काच आणि लोखंडाची ती इमारत, तिला जळायचं ते काय, असं आपल्याला वाटतं. आत लाकूड होतं, कापड होतं, आणि तेल प्यालेले दोन डझनांच्या आसपासचे अजिंठे होते. मांडायचे राहिले होते तेवढेच मोजके कॅनव्हास वाचले. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

ही बातमी समुद्रावरून यायला काही आठवडे लागले असतील. ते आठवडे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तिकडे सगळं राख झालेलं आहे आणि इकडे हा साठी ओलांडलेला माणूस पहाटे उठतो आहे, घोड्यावर जीन कसतो आहे, नदीचं पाणी किती आहे ते पाहतो आहे. मग एक दिवस टपालातून ते पत्र आलं असेल. बारादरीच्या कमानीत बसून त्याने ते वाचलं असेल, दुसऱ्यांदा वाचलं असेल. पलटणीतल्या माणसाला हार कशी वाचायची हे माहीत असतं म्हणतात. मला नाही वाटत. रणावरची हार चारचौघांत होते, तिला साक्षीदार असतात. ही हार सात समुद्रांपलीकडे, त्याच्या पाठीमागे झाली होती, आणि तिची खूण पटवायला त्याच्यापाशी उरली होती ती फक्त मूळ भिंत, तीही आणखी वीस वर्षांनी फिकटलेली.

तो विलायतेला परतला नाही. याच मुलखात राहिला.

त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राबले. एतद्देशीय पोरांनी उतरवलेली ती चित्रंही लंडनला गेली आणि 1885 च्या आगीत त्यांतली बरीच जळाली. दोनदा. आग्रहाने लंडनला नेऊन दोनदा जाळली, असं एखाद्या रागावलेल्या क्षणी माझ्या मनात येतं. पण मग आपल्याच भिंतींकडे वळावं लागतं. ज्यांनी अजिंठ्यावर प्रेम केलं, त्यांनीही त्याला दुखवलंच. कुणी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीला व्हार्निश फासलं. कुणी चेहरेच्या चेहरे सोलून न्यायला गेलं आणि हातात भुगा आला. 1920 च्या आसपास निझाम सरकारने चांगल्या मनाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा भिंतीला पक्का चिकटवला, म्हणून कितीतरी चित्रं वाचली, आणि वर लाखेचा थर दिला, तो पुढे पिवळा पडत गेला. पुरातत्त्व खात्याची माणसं अजून कापसाच्या बोळ्यांनी इंचाइंचाने तो काढत असतात. प्रेम करणाऱ्याचा हातसुद्धा ओझं होतो, आणि भिंत बिचारी काही बोलत नाही.

या सगळ्यांत नामपल्लीच्या नकला मात्र सुखरूप राहिल्या. लंडनला गेल्या नाहीत म्हणून राहिल्या असतील, फार कुणाला हव्या नव्हत्या म्हणूनही राहिल्या असतील. ममीच्या सावलीत.

हैदराबादशी आणि रंगांशी नातं असलेला आणखी एक मराठी माणूस इथे आठवतो. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून घराघरांत गेलेले सातवळेकर मुळात जे. जे. मधून शिकलेले चित्रकार. या शहरात त्यांचा चित्रशाळेचा जम बसला होता, 1907 सालच्या विवेकवर्धिनीच्या उभारणीतही ते होते. राजकारणापायी शहर सुटलं, आणि हळूहळू कुंचलाही सुटला. गिलने बंदूक खाली ठेवून कुंचला उचलला, यांनी कुंचला खाली ठेवून ऋचा उचलल्या. माणूस एका आयुष्यात किती हातांनी जगतो! आणि त्यांतला कुठला हात खरा, हे लोक आपापल्या सोयीने ठरवतात.

दालनातून निघताना मी पुन्हा एकदा त्या चिरेपाशी थांबलो. जलालुद्दीनचा हात की सय्यद अहमदचा, ते मला सांगता येत नव्हतं. त्यांच्या आधी याच चिरेपुढे गिल बसला असेल. तेव्हा ती बहुधा एवढी लांब नव्हती, मणी अखंड होता, पलीकडच्या सखीचं नाक शाबूत होतं. त्याने काढलेला तो मणी जळाला. म्हणजे जगाने एकदा पाहिलेलं काहीतरी कायमचं गेलं, भिंतीवरूनही आणि कॅनव्हासवरूनही, आणि आता ते कुणाच्याच आठवणीत नाही. एवढं लक्षात आल्यावर त्या दालनात अंगावर काटा आला. मग जाणवलं, की ही नक्कलही आता शंभरीच्या घरातली आहे. तिच्याही कडा तपकिरी होत आहेत, हैदराबादच्या उन्हाळ्याची, आर्द्रतेची, धुळीची बोटं तिच्यावरून फिरत आहेत. आणखी काही वर्षांनी कुणालातरी या नकलेपुढे बसून तिची नक्कल करावी लागेल, भिंतीच्या चिरा आणि कागदाच्या चिरा दोन्ही वेगळ्या ओळखून. त्यालाही मन घट्ट करून बसावं लागेल.

पहारेकरी दिवे मालवायच्या तयारीत होता. “हो गया साब?” त्याने विचारलं. मी मान हलवली. बाहेर पोरं ममी पाहून आली होती आणि आइसक्रीमसाठी गुरुजींच्या मागे लागली होती.

गिल 1879 च्या एप्रिलमध्ये गेला. आजारी पडल्यावर त्याला भुसावळकडे नेलं, तिथेच त्याची कबर आहे. भुसावळ जंक्शनवर गाडी बदलायला रोज हजारो माणसं उतरतात, केळी घेतात, पाण्याच्या बाटल्या भरतात. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, की या गावाच्या मातीत अजिंठ्याचा पहिला चित्रकार पुरलेला आहे. जागतिक वारसा म्हणून ज्या लेण्यांचं नाव आपण मिरवतो, त्यांच्यासाठी झिजलेल्या माणसांची आठवण ठेवण्यात आपण कंजूष आहोत. गिलच्या बाबतीत, सय्यद अहमदच्या बाबतीत, जलालुद्दीनच्या बाबतीत. हे माझं ठाम मत आहे आणि ते बदलायला मला आवडेल.

तेव्हा हैदराबादला गेलात, चारमिनार आणि सालारजंग पाहून झाले, आणि परतीच्या गाडीला दोन-अडीच तास उरले असतील, तर प्लॅटफॉर्मवर बसून राहू नका. नामपल्लीत बागे-आममध्ये शिरा. आधी ममी पाहा, नाहीतर बरोबरची मुलं ऐकणार नाहीत. मग अजिंठ्याच्या दालनात जा, आणि चेहरे पाहून झाले की चिरा पाहा. शुक्रवारी मात्र जाऊ नका. संग्रहालय बंद असतं.